पायऱ्यांचं वळण

"मशीनवाले, आता पुरे. नुसता मुरूम लागलाय. पायरी असती तर एव्हाना डोकं वर काढलं असतं तिने."

गवंड्याने फावडं खड्ड्याच्या काठाला टेकवलं आणि बाहीने कपाळ पुसलं. खड्ड्यातला माणूस कुदळ मारतच राहिला. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, म्हणून सगळी गल्ली त्याला मशीनवाला म्हणायची. सुईच्या नेढ्याजवळ काम करायची सवय असलेल्या त्याच्या हातांना कुदळ मानवत नव्हती. तळहातांना फोड येऊन फुटले होते. त्यावर त्याने मशीन पुसायच्या मऊ चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"उजवीकडेच वळतात पायऱ्या," तो म्हणाला. "ती उगाच काही बोलायची नाही."

ती म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

वर चौथऱ्यावर घमेलं पालथं घालून बेकरीवाली बसली होती. गल्लीच्या गटातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई. पण मशीनवाल्याशी बोलताना हल्ली तिचा आवाज खाली यायचा. ती म्हणाली, "भाऊ, वहिनींच्या शब्दाबाहेर कोण जातंय? त्यांनी सांगितलं म्हणूनच तर महिनाभर इथे घाम गाळलाय सगळ्यांनी. पण पुढच्या महिन्यात पालिकेची भिंत सुरू होतेय. डावीकडे एकदा कुदळ मारून बघितली तर काय बिघडलं?"

"बिघडेल," तो म्हणाला.

आणि त्याने पुन्हा कुदळ हाणली.

टेकडीच्या पायथ्याशी ही गल्ली होती आणि माथ्यावर वरची वस्ती. दोन्हींच्या मधे दगडी पायऱ्यांची जुनी वाट होती. वरची माणसं कामाला जायला, बस पकडायला, पाव न्यायला, कपडे शिवून घ्यायला त्या वाटेने गल्लीत उतरायची, संध्याकाळी वर चढायची. गल्लीत दुकानं होती ती या येण्याजाण्यावर. मग एका पावसात टेकडीचा उतार घसरला आणि मधल्या पायऱ्या मातीखाली गेल्या. पालिका आज काढील, उद्या काढील म्हणता म्हणता वर नवी घरं बांधणाऱ्यांनी आपला राडारोडा त्याच मातीवर ओतायला सुरुवात केली. खालच्यांनी मग कचरा टाकला. आयता उकिरडा मिळाल्यावर कोण सोडतो? वरची माणसं टेकडीला वळसा घालून बसने जाऊ लागली. गल्लीत यायचं कोणाला कारण उरलं नाही. शिंप्याने गाशा गुंडाळला, किराणावाला गेला, दिवे फुटले ते फुटलेलेच राहिले. गल्ली म्हणजे बंद पडलेलं मशीन झाली. वरून धड दिसे, पण आत काहीच फिरत नव्हतं.

मशीनवाल्याची बायको वरच्या वस्तीतली. लग्नानंतर दोघांनी हौसेने या गल्लीत खोली घेतली, कारण माहेर पायऱ्यांच्या अंतरावर होतं. आणि खोली लावून महिना होतो न होतो तोच त्या पावसात पायऱ्या बुजल्या. माहेर डोळ्यांना दिसायचं, पण जायचं तर दोन बस बदलून.

इतकी वर्षं तिने ते सोसलं. मग एक दिवस सकाळी उठून ती घमेलं घेऊन उकिरड्यावर गेली आणि एक घमेलं राडा भरून रस्त्यावरच्या पालिकेच्या कचराकुंडीत टाकून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"घमेल्याने डोंगर उपसतेस का?" मशीनवाल्याने विचारलं होतं.

"डोंगर असू दे डोंगराच्या जागी. मी माझं दार झाडतेय."

गल्लीने आधी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग बेकरीवाली एका सकाळी पीठ मळायच्या आधी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "झोप येत नाही, म्हणून आले हो. कोणाला सांगू नका." मग गवंडी आला, कारण बायका दगड चुकीचा उचलतात आणि कंबर मोडून घेतात हे त्याला बघवेना. असं करत करत गट झाला. त्याला ना नाव होतं ना पाटी. पण रोज एकत्र जमणारी माणसं नुसता राडा उचलून थांबत नाहीत. गटाने पालिकेच्या मागे लागून गल्लीतले दिवे लावून घेतले. गळका नळ बांधून घेतला. बेकरीवालीने रस्त्याच्या बाजूची बंद खिडकी पुन्हा उघडली. आणि एका सकाळी गवंड्याच्या फावड्याखाली ठण्ण वाजलं. पहिली पायरी.

मशीनवाला त्या दिवशी प्रथमच तिथे गेला होता. त्याने पायरीवरची माती हाताने सारली. काळा दगड, मधोमध झिजून खोलगट झालेला. झिजलेला भाग बघून मशीन कोणी आणि किती चालवलं हे ओळखण्यात त्याची हयात गेली होती. हा दगड किती पावलांनी झिजवला असेल याचा त्याला अंदाजच करता येईना. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. कोणी हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही. बायको शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता पटलं?"

पहिला जिना वर चौथऱ्यापर्यंत मोकळा झाला तोवर ती आजारी पडली होती. चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंना माती, समोर कातळ. पुढे वाट कुठे जाते ते कोणालाच नीट आठवेना. ज्याला विचारावं त्याच्या पायऱ्या वेगळ्या. मशीनवाला स्वतः त्या वाटेने सासरी मोजक्याच वेळा गेला होता, तोही नवीन लग्नात. बायकोच्या पाठीकडे बघत जिना चढणारा माणूस वळणं कशाला लक्षात ठेवतो! तेव्हा अंथरुणावरून तिनेच सांगितलं, "चौथऱ्यावरून उजवीकडे वळतात. उजवीकडे खणा."

तिचं हे गटासाठी शेवटचं सांगणं ठरलं. ती गेल्यावर काही महिने कोणी फावडं उचललं नाही, पण काम पुन्हा सुरू झालं तेव्हा ते सांगणं मोडायची कोणाची छाती नव्हती.

पालिकेचे साहेब येऊन गेले होते. माणूस वाईट नव्हता. चौथऱ्यापर्यंत चढला, दगडावरून हात फिरवला. म्हणाला, "सुंदर काम आहे हो. पण उतार परत घसरू नये म्हणून भिंत घालणं मला भाग आहे. वाट वरपर्यंत जाते हे दिसलं तर भिंत मी पलीकडून घेईन, शब्द देतो. पण नुसता हा एवढा जिना दाखवून वरच्या लोकांना काय सांगू? कुठेच न जाणाऱ्या पायऱ्यांसाठी भिंत सरकवा म्हणून?"

आणि आता महिना झाला तरी उजवीकडे मुरूमच.

गवंडी खड्ड्यात उतरला आणि त्याने मशीनवाल्याच्या हातातली कुदळ हळूच काढून घेतली. "हात बघा तुमचे. उद्या सुईत दोरा ओवता येणार नाही."

"उद्या एक दिवस थांबा," मशीनवाला म्हणाला. "मी विचारून येतो."

"कोणाला?"

"सासूबाईंना."

बेकरीवाली घमेल्यावरून उठली. मशीनवाला बारा गावचं पाणी पिऊन आलेला असला तरी सासरचा उंबरा ओलांडायला कचरतो, हे तिला ठाऊक होतं. बायको गेल्यानंतर तो एकदाच वर गेला होता. म्हातारीसमोर बसला, चहा निवून गेला, तो उठून आला. तेव्हापासून पुन्हा गेला नव्हता. म्हातारीला बस लागायची, एक थांबा गेला की ओकारी. त्यामुळे तिचंही येणं नव्हतं.

"जा भाऊ," बेकरीवाली म्हणाली. "जाताना ताजे टोस्ट घेऊन जा. दातांना नसतील चालत तर चहात बुडवून खा म्हणावं."

म्हातारी दारातच उभी होती. बस थांब्यावरून येणारा माणूस तिला खिडकीतून दिसायचा.

"बसायला जागा मिळाली का?" तिने विचारलं.

"मिळाली."

"हाताला काय झालं?"

"खणतोय."

तिने आत जाऊन हळदीची वाटी आणली आणि काही न विचारता त्याच्या हातावरच्या चिंध्या सोडल्या. हळद भरता भरता तो बोलत गेला. पहिल्या पायरीपासून सगळं. गट, दिवे, चौथरा, मुरूम, भिंत. एवढं तो गेल्या कित्येक महिन्यांत कोणाशी बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, "आई, चौथऱ्यावरून पायऱ्या कुठे वळतात? ती म्हणाली होती उजवीकडे."

"उजवीकडेच वळतात की."

"नक्की?"

"अहो, जन्म गेला माझा त्या पायऱ्यांवर. डोळे बांधून सोडलं तरी जाईन. चौथरा आला की उजवीकडे."

त्याला बरं वाटलं, पण कोडं तसंच राहिलं. "मग लागत का नाहीत? महिना झाला उजवीकडेच खणतोय आम्ही."

म्हातारीने वाटी बाजूला ठेवली. कोपऱ्यातली काठी घेतली. "चला. दाखवते."

"लांब आहे, आई."

"लांब काय? पलीकडच्या घरांमागे तर आहे. मीच गेले नाही इतके दिवस. तिथे जाऊन बघणार काय होते? राडा?"

दोघं घरांच्या मागून गेली. वाटेत एका ओट्यावर शाळेतले निवृत्त पीटीचे सर वर्तमानपत्र वाचत होते. म्हातारीला घराबाहेर बघून ते उठून मागे आले. आणखी दोघीतिघी आल्या. वस्ती संपते तिथे दोन पायऱ्या होत्या, झिजलेल्या, आणि तिसरीवर राडारोडा. त्याच्यापुढे सगळा उतार.

म्हातारी त्या पायऱ्यांवर खाली तोंड करून उभी राहिली. काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात लांब केला.

"हे असं सरळ खाली जायचं. चौथरा आला की असं उजवीकडे. झालं, आली तुमची गल्ली."

मशीनवाला तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. खाली गल्लीची छपरं दिसत होती. बेकरीचं धुरांडं दिसत होतं. मोकळा केलेला चौथरा दिसत होता, तळहाताएवढा. आणि चौथऱ्याच्या पार पलीकडे, या वाटेशी ज्याचा काही संबंध नाही अशा जागी, त्यांनी महिनाभर खणलेला खड्डा होता. त्यात उभा असलेला माणूस गवंडीच असणार. बिचारा तरीही खणत होता.

मशीनवाल्याने आपला उजवा हात उचलला. म्हातारीच्या हाताशेजारी धरला. मग खालून वर चढणारा माणूस झाला आणि मनातल्या मनात वळला. उजवा हात डावा झाला.

"आई," तो म्हणाला. "हे उतरताना उजवीकडे."

"मग? पायऱ्या उतरायच्याच असतात."

त्याला हसू आलं. मोठ्याने आलं. पीटीचे सरही काही न कळता हसले. मग हसता हसता त्याला तिथेच पायरीवर बसावं लागलं. इतकी वर्षं ती खाली राहिली, खालच्या नळाचं पाणी भरलं, खालच्या गल्लीसाठी मरेपर्यंत राबली. आणि डोळे मिटून पडल्यावर तिला पायऱ्या आठवल्या त्या इथून, वरून. हे त्याला तिने कधी सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही ठाऊक नसेल.

म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तिने काठी उजव्या हातात घेतली आणि डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तसाच राहू दिला.

"खाली कोण खणतंय ते?" पीटीच्या सरांनी विचारलं.

"आमच्या गल्लीतले."

"पालिकेची माणसं नाहीत?"

"नाही. बेकरीवाली आहे, गवंडी आहे, शेजारपाजारचे आहेत."

सर पुढे येऊन त्या लहान चौथऱ्याकडे बघू लागले. "आम्हाला वाटलं पालिकेचं काम चाललंय," ते म्हणाले. "अहो, हा राडा आमच्याच घरांचा आहे सगळा." मग मागे वळून त्यांनी बायकांना विचारलं, "फावडी कोणाकोणाकडे आहेत?"

खाली आल्यावर मशीनवाल्याने गटाला काय झालं ते सांगितलं. वहिनींचं चुकलं असं म्हणायची वेळ येते की काय, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग बेकरीवालीने कपाळावर हात मारला.

"म्हणजे महिनाभर आपण माहेरचं उजवं खणत होतो!"

गवंडी खड्ड्यातच बसून पोट धरून हसला. "वहिनी, वहिनी! जाता जाता आमच्याकडून विहीर खणून घेतलीत की!"

"चुकलं तिचं काहीच नाही," बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली. "आपणच सासरचे."

दुसऱ्या दिवशी डावीकडे कुदळ पडली आणि गवंड्याच्या तिसऱ्याच घावाला दगड वाजला. पुढचे दिवस कसे गेले ते कोणाला नीट सांगता येणार नाही. सकाळी कामावर जाण्याआधी माणसं यायची, संध्याकाळी परत यायची. ज्यांनी आजवर नाकं मुरडली होती तीही आली. एकामागे एक रांग लागली आणि घमेली हातोहात खाली उतरू लागली. कोण कोणाला देतंय हे न बघता माणूस नुसते हात पुढे करायचा आणि हातात घमेलं यायचं. मशीनवाला त्या रांगेत उभा होता. भरलेलं घमेलं वरून यायचं, रिकामं खालून यायचं, एकही पडायचं नाही. त्याने आयुष्यभर मशीनची चाकं, दांडे, पट्टे जुळवले होते. माणसं अशी जुळतात हे त्याने बघितलं नव्हतं. पायरीमागून पायरी मातीतून वर येत होती. जिन्याच्या कडेने पाण्यासाठी कोरलेली पन्हळ निघाली. कोणीतरी तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं, तर ते मधे कुठे न अडता वळण घेऊन सरळ गल्लीत उतरलं. सगळे हातातलं टाकून त्या पाण्याच्या मागे मागे चालत गेले. गवंड्याने पायातल्या चपला काढल्या होत्या.

आणि मग एका सकाळी मातीच्या पलीकडून शिट्टी ऐकू आली. पीटीच्या सरांची. "एक, दोन! एक, दोन!" त्या तालावर फावडी पडत होती. खालच्यांनी हात थांबवले आणि कान दिले. उरलेल्या मातीच्या भिंतीतून धपाधप आवाज येत होता, अगदी छातीजवळ कान लावल्यासारखा.

"आम्ही आहोत इकडे!" बेकरीवाली ओरडली.

"माहितेय!" पलीकडून एक बाई ओरडली. "टोस्टचा वास येतोय!"

दुपारच्या आत माती कोसळली आणि मधे माणूसभर फट पडली. वरची बाई आणि बेकरीवाली धुळीत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. वरची म्हणाली, "पाव ठेवता का अजून? आधी बाबा न्यायचे आमचे." गल्लीत मोठ्या आवाजाची म्हणून ओळखली जाणारी बेकरीवाली नुसती मान डोलावत राहिली.

पालिकेचे साहेब आले. खालून चढले ते थेट वर गेले आणि वरून परत उतरले. घामाघूम होऊन म्हणाले, "भिंत पलीकडून." मग थोडं थांबून म्हणाले, "माझ्या नोकरीत असं बघितलं नव्हतं मी."

वर गलका झाला. माणसं जिन्याच्या कडेला चिकटून बाजूला होऊ लागली. म्हातारी उतरत होती. पीटीचे सर मागे होते, पण ती त्यांना हात लावू देत नव्हती. काठी एका पायरीवर, मग पाय, मग दुसरा पाय. चौथऱ्यावर येऊन ती टेकली. मशीनवाला घमेलं ठेवून तिच्याजवळ गेला.

तिने दम घेतला. चौथऱ्यावरून गल्ली अगदी जवळ दिसत होती.

"तुमचं घर कोणतं?"

"ते. निळी खिडकी."

"तो स्वयंपाकाचा ओटा?"

"हो. खिडकीशीच."

लेकीचं स्वयंपाकघर म्हातारीने कधी बघितलं नव्हतं. लेक गेली त्या दिवशी तिला कोणाच्या तरी गाडीतून आणलं होतं, पण त्या दिवशी घरात माणसंच माणसं होती, आणि काही बघायचं तिला भान नव्हतं.

"ओटा उंचीला पुरायचा का तिला?" तिने विचारलं. "ठेंगणी होती आमची."

"थोडा उंच पडायचा. मी खाली एक फळी टाकून दिली होती. तिच्यावर उभी राहायची."

"आहे का ती फळी?"

"आहे. हलवली नाही मी."

म्हातारी खिडकीकडे बघत राहिली. मग तिने काठी पीटीच्या सरांच्या हातात दिली आणि दोन्ही हात मशीनवाल्यापुढे केले.

"चला. दाखवा मला."

त्याने तिचे हात धरले. पुढून आधार हवा म्हणून तो तिच्याकडे तोंड करून उलटाच जिना उतरू लागला. मागची पायरी त्याला दिसत नव्हती. एक पाय हवेत चाचपडला.

"आहे," म्हातारी म्हणाली. "पायरी आहे. टाका पाय."

त्याने टाकला.

"आहे," ती पुन्हा म्हणाली. जिन्याच्या कडेने माणसं हातातली फावडी खाली ठेवून उभी होती.